छोट्या भरतकामात टाका आधी, रंग नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जाळीदार कॅनव्हासवरील भरतकामाचे छोटे नमुने अधूनमधून प्रसिद्ध होतात. चष्म्याचे घर, किल्ल्यांची पट्टी, रुखवतात मांडायची लहानशी चौकट अशा वस्तू मुंबईत विशेष सोयीच्या आहेत, कारण त्या पर्समध्ये मावतात आणि लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर चार ओळी भरूनही होतात. या नमुन्यांबरोबर रंगांची यादी असते. परंतु कॅनव्हासच्या एका इंचात किती घरे हवीत, धागा किती पदरी घ्यावा आणि कोणत्या भागात कोणता टाका घालावा, हे छापलेले नसते. ते यापुढे छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

भरतकाम शिकवताना नमुना आधी, रंग त्यानंतर आणि टाका सर्वांत शेवटी, असा क्रम बहुधा लावला जातो. छोट्या कामात तो बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे. वस्तू कशी वापरली जाणार यावरून टाका ठरावा, टाक्यावरून धागा ठरावा आणि मगच छटांचा विचार व्हावा. किल्ल्यांची पट्टी रोज हाताळली जाते, घासली जाते. तिच्यावर लांब, सुटे टाके घातले तर ते किल्लीच्या दात्यांत अडकून ओढले जाणारच. तिथे साधा तिरका टाकाच योग्य, आणि तोही आडव्या ओळींत न भरता कोपऱ्यापासून कर्णरेषेत भरत नेलेला. या पद्धतीत मागच्या बाजूला विणल्यासारखी घट्ट जाळी तयार होते, वस्तू टिकते आणि कॅनव्हास एका अंगाला ओढला जाऊन वाकडा होत नाही. त्याउलट काचेच्या चौकटीत राहणाऱ्या कामाला हात लागत नाही, म्हणून तिथे लांब उभे टाके, नागमोडी नक्षीचा बार्जेलो टाका किंवा उठावदार ऱ्होड्स टाका खुशाल घालावा.

दुसरा प्रश्न जागेचा. सजावटीच्या टाक्याची आकृती डोळ्यांना ओळखू यायची असेल, तर ती त्या भागात निदान तीनदा पूर्ण बसली पाहिजे. इंचाला 18 घरांच्या कॅनव्हासवर अर्ध्या इंचाच्या चौकोनात 9 घरे येतात. त्यात तीन बाय तीन घरांचा, पाच तिरक्या टाक्यांचा स्कॉच टाका बरोबर तीनदा बसतो. तोच चौकोन इंचाला 13 घरांच्या कॅनव्हासवर घेतला, तर जेमतेम 6 घरे मिळतात आणि स्कॉच टाका दोनदाच बसतो. तिथे दोन बाय दोन घरांचा मोझेक टाका घ्यावा. भुलेश्वरला किंवा दादरला कॅनव्हास कापून घेताना त्यावर मापाची चिठ्ठी असेलच असे नाही, म्हणून पट्टी जवळ ठेवून एका इंचातील घरे दुकानातच मोजून घ्यावीत.

धाग्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की लहानशा जागेत धागा आणि टाका या दोघांनीही एकाच वेळी लक्ष वेधून घेऊ नये. टाका गुंतागुंतीचा असेल तर धागा एकरंगी आणि पीळदार हवा. पर्ल कॉटन या पीळदार सुती धाग्यात पीळ टिकून राहतो, त्यामुळे टाक्याची प्रत्येक रेघ वेगळी दिसते. (त्याचा क्रमांक जितका मोठा तितका धागा बारीक, म्हणजे 8 क्रमांकाचा धागा 5 क्रमांकाच्या धाग्यापेक्षा बारीक असतो.) धागा छटा बदलणारा किंवा चमकणारा असेल, तर टाका साधाच ठेवावा. रंग एकच ठेवूनही किती वैविध्य आणता येते, हे पंजाबच्या फुलकारीत पाहावे. तिथे न पिळलेल्या रेशमाचा एकच रंग काही ठिकाणी उभा आणि काही ठिकाणी आडवा भरतात. प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी परावर्तित झाल्यामुळे दोन छटा वापरल्याचा भास होतो. चष्म्याच्या घराची पार्श्वभूमी भरताना हीच युक्ती वापरता येते.

आपल्याकडे सहज मिळणारा सहा पदरी सुती धागा याही कामाला उत्तम आहे, फक्त तो लडीतून काढून तसाच ओवू नये. पदर सुटे करून पुन्हा एकत्र केले म्हणजे ते सपाट बसतात आणि कॅनव्हास चांगला झाकतात. 18 घरांच्या कॅनव्हासवर तिरक्या टाक्याला साधारणपणे चार पदर पुरतात, पण उभ्या टाक्याला बहुधा सहाही लागतात, कारण उभ्या टाक्यांच्या मधून कॅनव्हास अधिक डोकावतो. धागा दीड फुटाहून लांब घेऊ नये; कॅनव्हासमधून घासून घासून त्याची चमक जाते. सुई बोथट टोकाची आणि नेढे मोठे असलेली हवी. मागे गाठ मारू नये, कारण पातळ पट्टीवर तिचा उंचवटा पुढून दिसतो. इरकल साडीवरील कसुतीतही गाठ न मारताच धागा सुरू करतात आणि संपवतात.

जरीचा धागा एक फुटाएवढाच घ्यावा आणि दोन-चार ठिकाणीच वापरावा. मुंबईच्या पावसाळी हवेत धातूची जर काळवंडते, म्हणून रोज हाताळायच्या वस्तूवर प्लॅस्टिकच्या पट्टीपासून केलेली चमकदार जर वापरलेली बरी. याच दिवसांत कॅनव्हासची खळ दमटपणाने मऊ पडते, तेव्हा काम लाकडी चौकटीवर ताणून ठेवावे. लाल आणि गर्द निळ्या धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

आपली नम्र,
एक वाचक, गिरगाव, मुंबई