मोतीबिंदूचा क्लेम मिळतो, त्यानंतरच्या चष्म्याचा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्याची फ्रेम आणि काचा यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्णपणे गेला. तरीही ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये चष्मा करायला गेलेला माणूस बिल बघून चपापतोच. विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस हातात पडल्यावरही तीच गत. दोन्हीकडे पैसा नेमका कुठे जातो, हे ग्राहकाला कळावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी कराचा हिशेब. कर धरून ३,५०० रुपयांना मिळणाऱ्या चष्म्याची मूळ किंमत १२ टक्क्यांच्या काळात ३,१२५ रुपये होती. ५ टक्के कर लावला की तोच चष्मा ३,२८१ रुपयांना पडायला हवा, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास स्वस्त. पण ‘फ्रेम आणि काचा मिळून अमुक’ अशी गोळाबेरीज पाटीवर लिहिलेली असली की ही घट कोणाच्या खिशात गेली ते समजायला मार्ग नाही. म्हणून फ्रेम, काच आणि कोटिंग यांच्या तीन वेगळ्या ओळी असलेले बिल मागावे आणि त्यावर काचेची कंपनी व इंडेक्स (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) लिहून घ्यावा. ‘फ्रेम फुकट’ म्हणतात तेव्हा फ्रेमचे पैसे काचेत लावलेले असतात, एवढे गृहीत धरायला हरकत नाही.

खरी महागाई काचेतच आहे. इंडेक्स जितका मोठा तितकी काच पातळ आणि महाग. साध्या प्लास्टिक काचेचा इंडेक्स १.५०, त्यावर १.५६, १.६०, १.६७ आणि १.७४. मायनस दोन-अडीच नंबरपर्यंत १.५० किंवा १.५६ पुरते. चारच्या पुढे १.६० आणि सहाच्या पुढे १.६७ घेण्यात अर्थ आहे. मायनस दीडला १.६७ विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणे, आणि त्यात नुकसान फक्त पैशांचे नाही. पातळ काचांत रंग फाकण्याचे प्रमाण जास्त असते. ते ॲबे आकड्याने मोजतात; तो जितका कमी तितके रंग जास्त फाकतात. साध्या काचेत तो ५८, तर १.६७ मध्ये ३२ च्या आसपास असतो. नंबर मोठा असेल तर काचेच्या कडेने बघताना अक्षरांभोवती निळी-पिवळी किनार दिसते ती यामुळेच. मुलांना मात्र पॉलीकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचीच काच द्यावी. त्याचाही ॲबे ३० च आहे, पण चेंडू लागला तर तुकडे डोळ्यात जात नाहीत.

काच जाड दिसू नये म्हणून महाग इंडेक्स घेण्याआधी फ्रेम लहान निवडावी. काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचे अंतर आणि काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. मायनस नंबरची काच कडेला जाड होत जाते. ५४ ऐवजी ४८ ची फ्रेम घेतली तर ही वाढीव जाडी साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते, तीही फुकटात. शिवाय ५२ आणि १८ मिळून ७० होतात. बाहुल्यांमधले अंतर ६२ असेल तर दोन्ही काचांचे केंद्र चार-चार मिलिमीटर आत सरकवावे लागते. हे अंतर, म्हणजे पीडी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा नसते, दुकानात मोजतात. ते घाईत मोजले आणि चार नंबरच्या काचेत केंद्र तीन मिलिमीटर चुकले, तर त्या डोळ्यापुढे १.२ प्रिझमचा परिणाम येतो, म्हणजे दृश्य बाजूला सरकते. मग डोके दुखते आणि दुकानदार म्हणतो, ‘सवय होईल.’ अशा वेळी सवयीची वाट न बघता लेन्समीटरवर (काचेचा नंबर आणि केंद्र मोजणाऱ्या यंत्रावर) केंद्र तपासून मागावे. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रोग्रेसिव्हमध्ये (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्यात) हीच चूक दामदुप्पट महागात पडते. तिथे प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी लागते, शिवाय बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंचीही. ती १८ मिलिमीटरच्या आत आली तर बऱ्याच डिझाइनमध्ये वाचायचा भाग कापला जातो, आणि चष्मा असूनही माणूस मोबाइल बघताना मान वर करून बसतो. काचेवरच्या तात्पुरत्या शाईच्या खुणा पुसण्याआधी चष्मा तोंडावर चढवून बघायचा आग्रह धरावा. खुणेचा क्रॉस बरोबर बाहुलीवर आला पाहिजे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ काचांबद्दल थोडक्यातच. संगणकापुढे बसून येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत) दिसलेले नाही. त्याचे पैसे प्रतिबिंब घालवणाऱ्या चांगल्या कोटिंगवर घालावेत, कारण कोटिंग नसलेली साधी काच आठ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते. (आणि चष्मा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. काच आणि कोटिंग उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, कोटिंगला जाळीसारखे तडे जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत.)

आता विमा. नेहमीच्या आरोग्य पॉलिसीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांचा खर्च धरत नाहीत. नंबर घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेसाठी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवलेले प्रमाणित कलमच आहे: दोष ७.५ डायॉप्टरपेक्षा, म्हणजे साडेसात नंबरपेक्षा, कमी असेल तर खर्च मिळत नाही. म्हणजे मायनस पाच नंबरवाल्याला चष्माही स्वतःच्या पैशाने आणि शस्त्रक्रियाही.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. विमा अनिश्चित खर्चासाठी असतो, आणि चाळिशीनंतर जवळचा नंबर जवळपास प्रत्येकाला लागतोच. ज्याची खात्री आहे त्याचा विमा काढला तर हप्ता खर्चाएवढाच येणार. चष्म्याची सोय असलेल्या ओपीडी पॉलिसीत (रुग्णालयात दाखल न होता होणारा खर्च देणाऱ्या पॉलिसीत) नेमके हेच होते, म्हणून ती घेताना वाढीव हप्ता आणि चष्म्यापोटी परत मिळणारी कमाल रक्कम शेजारी मांडून बघावी.

पण मोतीबिंदूनंतरच्या चष्म्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत २४ महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातले जे कमी असेल ते मिळते. विमा एक लाखाचा असेल तर २५,०००. पाच लाखांचा असला तरी ४०,००० च, आणि त्यातही ५ टक्के वाटा रुग्णाचा. डोळ्यात साधी मोनोफोकल (एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारी) लेन्स बसवली की लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला मात्र अडीचच्या आसपास नंबर लागतो. जखम भरून नंबर स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. बहुतेक पॉलिसींत इतक्या दिवसांनंतरचे थेंब आणि तपासणी क्लेममध्ये बसतात, कारण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंत धरतात. ज्या चष्म्याशिवाय शस्त्रक्रियेचा उपयोग अर्धाच राहतो, तो तेवढा वगळलेला! मोतीबिंदूच्या मर्यादेतच दीड-दोन हजारांपर्यंत एक चष्मा बसवावा, एवढीच मागणी आहे. लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सचा जादा खर्च नाकारताना कंपन्या ‘चष्मा लावता येतो’ असे सुचवतात, मग त्या चष्म्याचे पैसे द्यायला काय हरकत आहे?

ऐरोली, घणसोलीच्या आयटी कंपन्यांतल्या काही समूह पॉलिसींत चष्म्याची रक्कम असते (त्या समूह पॉलिसींवर १८ टक्के जीएसटी अजून आहे). हे क्लेम अडतात ते कागदांवर. ऑटोरिफ्रॅक्टरची (नंबर आपोआप मोजणाऱ्या यंत्राची) छापील चिठ्ठी प्रिस्क्रिप्शन म्हणून जोडली जाते. तिच्यावर सही नसते, आणि यंत्राचा आकडा हा तपासणीची सुरुवात असतो, शेवट नव्हे. लहान मुलांत तर थेंब न घालता तो मायनसकडे जास्त झुकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची हवी, बिल ज्याचा चष्मा त्याच्या नावाने हवे, आणि नंबर नसलेल्या गॉगलचे पैसे मागू नयेत.

मोतीबिंदूचा क्लेम कापला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि पोच जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ठाणे जिल्हा आणि नवी मुंबईसाठी लोकपालांचे कार्यालय ठाणे पश्चिमेलाच आहे. तक्रारीला पॉलिसीची प्रत, क्लेम कापल्याचे पत्र, रुग्णालयाचे तपशीलवार बिल आणि बसवलेल्या लेन्सचे स्टिकर जोडावे. हे स्टिकर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्यावे, मागाहून ते मिळवताना हेलपाटे पडतात.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, चरई, ठाणे (प.)