चिंगीचा खोकला आणि साताऱ्याचे काका

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

आमच्या चिंगीला, म्हणजे आमच्या पाळीव फेरेटला (मुंगसासारखा लांबट, छोटा प्राणी), औषधं लागू पडली. पुन्हा मोजे पळवून सोफ्याखाली साठवायला लागली आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं, पाऊस आहे का तिकडे?’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

परळला पशुवैद्यक शिकलात, नोकरी सगळी सातारा जिल्ह्यात गाई-म्हशींत गेली. फेरेट तुम्ही पहिल्यांदा पाहिलं ते इथे ह्यूस्टनला, लेकीकडे आलात तेव्हा. तरीही ‘खोकतेय’ एवढं ऐकून तुम्ही औषध सुचवलं नाहीत. प्रश्न विचारत बसलात.

आमच्या धाकट्याचा फ्लू नुकताच उतरला होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर. संशय तसा रास्तच. माणसाचा फ्लू फेरेटला सहज होतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा मिळवला तो फेरेटना लागण करूनच, आणि पुढे त्यांच्यातल्याच एकाला फेरेटकडून फ्लू झाला. पण तुम्ही विचारलंत, ‘शिंका? नाक वाहतंय? डोळ्यांत चिपडं?’ यातलं काहीच नव्हतं. डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाची लस वेळेवर झाली आहे हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. तो रोग झालेलं फेरेट सहसा वाचत नाही. मग उदबत्ती, सिगारेट, तिच्या शौचाच्या ट्रेमधली धूळ, रबर कुरतडून गिळण्याची खोड... माझ्या नवऱ्याला ही उलटतपासणी वाटत होती.

नंतर तुम्ही तिच्या झोळीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलात. ती गाढ झोपलेली, तुमचं एक बोट मनगटावरच्या घड्याळावर आणि नजर तिच्या बरगड्यांवर. जागं फेरेट स्वस्थ असताना मिनिटाला साधारण ३३ ते ३६ श्वास घेतं, हे मला नंतर कळलं. चिंगी झोपेत पन्नासच्या पुढे होती. उठल्यावर चार पावलं टाकून तिचं मागचं अंग लटपटलं, मान पुढे ताणून दोन-तीन कोरडे ठसके आले आणि तिने आवंढा गिळला. ‘हे घशाचं नाही गं, छाती बघायला सांग. आणि घरातलं कफ सिरप, पॅरासिटामॉल यातलं काही देऊ नकोस.’ ठसक्याचा व्हिडिओही तुम्हीच काढायला लावलात.

तो नसता तर पंचाईत होती, कारण दवाखान्यात बाईसाहेब एकदाही खोकल्या नाहीत! तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. उमासे येऊन फेरेट तोंडावर पंजे मारतं तेव्हा दुखणं बहुधा पोटाचं किंवा साखर उतरल्याचं असतं, तसं हे नाही, म्हणाल्या. एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसलं आणि छातीत पाणी. छातीतल्या गाठीने श्वासनलिका दाबली जाते, ती शंका तिथेच मिटली. डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांची धास्ती मात्र या दमट गावात मोठी. कुत्र्याच्या हृदयात असे बरेच जंत मावतात, फेरेटचा जीव एकानेही जाऊ शकतो. सोनोग्राफीत जंत दिसले नाहीत. हृदयाचा स्नायू पातळ होऊन ते फुगलं आहे आणि ठोका दुबळा पडतो, असं निदान झालं.

हे बरं होणारं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. फुप्फुसांवरचा भार उतरवायला फ्युरोसेमाइड (आमच्या सासऱ्यांनाही तेच चालू आहे, दोघांच्या वेळा मी एकाच कागदावर लिहिल्यात) आणि हृदयाला जोर यायला पिमोबेंडान. डासांमुळे होणाऱ्या त्या जंतांसाठी महिन्यातून एकदा मानेवर औषधाचे थेंब, घराबाहेर जात नसली तरी.

कालचा झोपेतला व्हिडिओ तुम्हाला पाठवला आहे. माझ्या मोजण्यात श्वास तिशीच्या आत आले, पण तुम्ही एकदा मोजून कळवा. काकूंना नमस्कार, आणि मेतकूट पोचलं.

तुमची,
चिंगीची आई