मामाच्या समन्सबद्दल

प्रिय बाबू,

परवा फोनवर तू तावातावाने बोललास, मग मी पण चिडले आणि फोन ठेवून दिला. आता रात्रीचे साडेदहा झालेत, मामा गोळी घेऊन झोपलाय, म्हणून शांतपणे टाईप करतेय. लांबेल, लोकलमध्ये बसायला मिळालं की वाच.

तुझं म्हणणं काय, तर मामाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याची साक्ष कोण मानणार, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लाव आणि त्याला यातून सोडव. अरे, तुझ्या आईने 31 वर्षं कोर्टात काढली, बेंच क्लार्क म्हणून रिटायर झाले, आणि माझ्याच घरात माझ्याच भावाला असं कडेला बसवायचं?

आधी झालं काय ते नीट ऐक, कारण तुला ते अर्धंच माहितीय. मामाला पहाटे झोप नसते, साडेचारला चहा पिऊन ओट्यावर जाऊन बसतो. त्या दिवशी डंपरने दूधवाल्या पोराला उडवलं तेव्हा रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतंच. पोलीस आले तेव्हा मामाने सांगितलं की डंपरचा डावा दिवा बंद होता, हॉर्न वाजला नाही, आणि पोरगं आपल्या बाजूनेच चाललं होतं. इतकंच. कुणी पढवलं नाही, मी तर तेव्हा आत पाणी भरत होते. हवालदार समन्स घेऊन आला तेव्हा मामाने चष्मा लावून आख्खं वाचलं आणि स्वतः सही केली, मला नंतर दाखवलं.

आता कायदा. पूर्वी पुराव्याच्या कायद्यात कलम 118 होतं, 1872 पासूनचं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात ते 124 झालंय, नंबर बदलला पण गोष्ट तीच. साक्ष द्यायला सगळेच लायक, इथून सुरुवात आहे. मग अपवाद, की लहान वय, फार म्हातारपण, शरीराचा किंवा मनाचा आजार, किंवा तसलंच काही कारण, आणि त्यामुळे विचारलेलं कळत नसेल नाहीतर कळून धड उत्तर देता येत नसेल, तर नाही. त्यातलं "त्यामुळे" महत्त्वाचं. खाली वेगळं स्पष्टीकरणच दिलंय की मन ठिकाणावर नसलेला माणूससुद्धा त्या कारणाने प्रश्न समजत नसतील किंवा धड उत्तर देता येत नसेल तरच बाद. आजाराचं नाव कुठेच नाही बघ. आणि हे ठरवायचं जज्जसाहेबांनी, समोर बघून, चार प्रश्न विचारून. डॉक्टरांचा कागद लागला तर बघतील, पण तू मुंबईत बसून ठरवायचं नाही आणि मी पण नाही.

लहान मुलांचं मी कितीदा बघितलंय. एकदा सात वर्षांचा मुलगा होता, पिंजऱ्याच्या कठड्यावरून नुसते डोळे दिसत होते, साहेबांनी त्याला खाली बोलवून खुर्चीत बसवलं. शाळा कुठली, डब्यात काय आणतोस, असं विचारत विचारत, खोटं बोललं तर काय होतं? तर म्हणाला, आज्जी दिवसभर बोलत नाही. साहेबांनी ते प्रश्नोत्तरं तसंच लिहून घ्यायला लावलं आणि खाली शेरा, की साक्षीदाराला खरं बोलायचं कळतं. 12 वर्षांच्या आतल्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथ न देता पण साक्ष होते. सुप्रीम कोर्टाने 1952 सालीच रामेश्वरच्या केसमध्ये म्हटलंय की शपथ दिली नाही म्हणून साक्ष बाद होत नाही, आणि त्या केसमधली साक्ष देणारी मुलगी आठेक वर्षांची होती. मुका माणूस लिहून किंवा खुणांनी साक्ष देतो, दुभाषा असतो, व्हिडिओ काढतात. मग मामानेच काय घोडं मारलंय?

आमच्याकडे एक जुने साहेब होते, लंच टाईममध्ये केसेसच्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक मला मामामुळे कायम लक्षात राहिली. लंडनची गोष्ट, 1851 सालची. कॅम्बरवेलच्या वेड्यांच्या इस्पितळात तिथल्या अटेंडंटवर एका पेशंटला ठार मारल्याचा आरोप, अटेंडंटचं आडनाव हिल. आणि बघणारा कोण, तर तिथलाच दुसरा पेशंट डोनेली, जो सांगायचा की माझ्याकडे वीस हजार भुतं आहेत आणि ती माझ्याशी बोलतात. त्याला कोर्टात उभं केलं. भुतांबद्दल विचारलं तर भुतांबद्दल सांगितलं, शपथ म्हणजे काय विचारलं तर तेही बरोबर सांगितलं, आणि जे बघितलं ते नीट सांगितलं. हिलला सदोष मनुष्यवधाची शिक्षा लागली, वरच्या कोर्टातही ती टिकली. तिथे म्हटलं की साक्ष घ्यायची का नाही हे जज्जने बघायचं, आणि ती किती मानायची ते ज्यूरीने. वीस हजार रे! आपल्या मामाशी तर रेडिओतून फक्त तिघंच बोलतात.

हसू नकोस, मला पण भीती वाटतेय. साक्ष घेणं वेगळं आणि मानणं वेगळं, आणि त्या मधल्या जागेतच उलटतपासणी होते. डंपरवाल्याचा वकील रेडिओचं काढणारच, गोळ्या कधीपासून, ॲडमिट किती वेळा, परवा कुणाशी बोलत होतात. मामा खरं तेच सांगणार, त्याला खोटं जमत नाही, लहानपणी पण त्याच्यामुळे आम्ही सगळे मार खायचो. मग साहेब काय मानतील ते मानतील.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलंय. सरकारी वकील मॅडमना भेटले, आजाराचं काही लपवलं नाही, डॉक्टरांची फाईल दिली. रात्रीच्या गोळीने सकाळी अकरापर्यंत त्याची जीभ जड असते, म्हणून दुपारनंतर घ्या म्हटलं, बसायला खुर्ची, एका वेळी एकच प्रश्न, आणि दमला तर पाच मिनिटं थांबायला. उपकार म्हणून नाही मागितलं हे. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे ज्यांना भर कोर्टात बोलणं जड जातं अशांसाठी, वेगळ्या खोल्या करा म्हणून सांगितलंय, त्यात मानसिक आजार असलेले साक्षीदार पण येतात. आपल्या तालुक्याला वेगळी खोली वगैरे मला तरी दिसली नाही, पण मॅडम म्हणाल्या अर्ज देते.

तू म्हणालास ना, शेवटी न्यायचंच असेल तर निदान त्याच्याकडून पाठ तरी करून घे, मी व्हिडिओ कॉलवर प्रॅक्टिस घेतो, वकील विचारतो तसं विचारतो. ते मात्र अजिबात करायचं नाही. पढवलेला साक्षीदार दोन प्रश्नांत उघडा पडतो, मी शंभर बघितलेत, आणि मामाच्या डोक्यात एकदा तुझी वाक्यं शिरली की त्याची कुठली आणि तुझी कुठली हे त्याला सांगता येणार नाही. आत्ता त्याच्याकडे दिवा, हॉर्न आणि ते पोरगं एवढंच आहे, ते तसंच राहू दे.

तारीख 18 ला आहे. सुट्टी काढून येणार असशील तर ये, बाहेर बाकावर बस, डबा मी करीन. त्याआधी मामाला फोन केलास तर मॅचबद्दल बोल.

आई