काका, टाळ्या न कापल्याबद्दल थँक्यू

नमस्कार काका,

फोनवर तुम्ही "झालं रे, घेऊन जा" एवढंच बोलता आणि दुकानात यावं तर समोर कोणीतरी मिक्सर नाहीतर इस्त्री घेऊन उभं असतं, त्यामुळे तुमच्याशी नीट बोलायला कधी मिळतच नाही. म्हणून माझ्या जुन्या कॅसेटी तुम्ही नीट करून कंप्युटरच्या फाईल्समधे उतरवून दिल्यात त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण फोंड्यात ज्यांच्या घरी अजून कॅसेट डेक चालू आहे त्यांना बरोब्बर कळेल मी कोणाबद्दल बोलतोय ते.

माझ्या कलेक्शनमधे अर्ध्याहून जास्त लाइव्ह रेकॉर्डिंग्ज आहेत हे तुम्हाला त्या खोक्यांवरून कळलंच असेल. मित्र विचारतात की स्टुडिओत एवढं स्वच्छ मिळतं तर तुला तो खोकल्याचा आणि खुर्च्यांचा आवाज कशाला हवा. मला हवा असतो. डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडचं 'मेड इन जपान' घ्या, ऑगस्ट १९७२ मधे ओसाका आणि टोकियोला रेकॉर्ड झालेलं, त्यातलं 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं गाणं आहे आणि इथे ते वीस मिनिटांच्या आसपास जातं, एलपीची अख्खी एक बाजू त्यातच संपते! आपल्या गाण्यात तर हे आणखीनच खरं आहे. आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मधे व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली याचा आपल्याला अभिमान आहेच, पण ती साडेतीन मिनिटांची आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत तेवढंच मावायचं. बाई तासभर राग कसा मांडत असतील ते ऐकायचं तर कोणीतरी बैठकीत मशीन लावून ठेवलेलं असावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

आणि म्हणूनच ह्या टेपा माझ्यासाठी एवढ्या महत्त्वाच्या. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे टेपला का नाही येणार, पांढरी भुकटी धरलेली, आतला स्पंजचा तुकडा गळून पडलेला. तुमच्याआधी एका ठिकाणी काही कॅसेटी दिल्या होत्या तर त्यांनी सगळी हिस, म्हणजे टेपची मागची सरसर, काढून टाकली, त्याबरोबर तानपुराही गेला, गाण्याच्या आधीची तबल्याची जुळवाजुळव कापली, टाळ्या कापल्या, मधलं बोलणं कापलं, वर म्हणाले बघा आता एकदम सीडीसारखं वाटतंय. मला ते ऐकवेना.

तुमच्याकडे त्या दिवशी मी बाजूला स्टुलावर बसून बघत होतो. देवळाच्या सभामंडपातल्या बैठकीची ती नव्वद मिनिटांची कॅसेट तुम्ही उघडलीत, टेप नव्या कवचात घातलीत, नवा स्पंज चिकटवलात, आणि मग लगेच रेकॉर्डला न लावता टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा तो बारीक स्क्रू पेचकसाने अगदी केसभर फिरवत राहिलात, डोळे मिटून. आधी सगळं गोधडीखालून आल्यासारखं होतं आणि एका जागी अचानक तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झणझणीत गुंजारव, उघडली, अक्षरशः कडा आली आवाजाला. तुम्ही मला सांगितलंत की ज्या मशीनवर ही भरली त्याचं हेड थोडं तिरकं असणार, म्हणून प्रत्येक कॅसेटला परत जुळवायचं. प्रत्येक कॅसेटला! आणि तुम्ही ते खरंच केलंत, हे घरी एकेक फाईल ऐकताना कळतं.

त्या टेपमधे सुरुवातीला हातोडीने तबला मिळवतायत, कोणीतरी मागून कोंकणीत ओरडतो "अभंग जाय!" (अभंग हवा!) आणि बुवा हसून "थांब रे, बसू तरी दे" म्हणतात. मी काही बोलायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "हे ठेवायचं, ह्यात बैठक आहे." काका, इतकी वर्षं मी लोकांना जे समजावत होतो ते तुम्ही एका वाक्यात बोलून परत कामाला लागलात. न्यूयॉर्कच्या १९७१ च्या 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'मधे रविशंकरजींनी वाद्यं मिळवली तर लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या, आणि ते म्हणाले की मिळवणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. ते अल्बममधे ठेवलंय म्हणून आज आपल्याला त्या संध्याकाळची हवा कळते. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातल्या रेकॉर्डिंगमधे, २५ जून १९६१ चं, ग्लास किणकिणतात, लोक गप्पा मारतायत, आणि बेस वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांत अपघातात गेला. ते ग्लास कोणी पुसले असते तर मला फार वाईट वाटलं असतं.

उलट टाळ्या वरून चिकटवणंही मला पटत नाही. अमेरिकन गायक जॉनी कॅशचं फॉल्सम जेलमधलं, कैद्यांसमोरचं, १९६८ चं रेकॉर्डिंग माझं फार आवडतं, पण त्यात गाण्यातल्या खुनाच्या ओळीवर कैदी जो जल्लोष करतात तो नंतर घातलेला आहे, प्रत्यक्षात ते पहाऱ्यामुळे गप्प होते. मला विचाराल तर ती शांतताच ठेवायला हवी होती, तिच्यात जास्त काही होतं.

म्हणून तुमची आणखी एक गोष्ट सांगायचीच आहे. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते आणि बरोब्बर त्याच वेळी विलंबित रंगात आलेला असतो, कॅसेट उलटेपर्यंत मधलं थोडं कायमचं गेलेलं. दुसऱ्या कोणी तिथे आवाज हळूहळू उतरवून गुळगुळीत सांधा मारला असता. तुम्ही जसं तुटलं तसंच ठेवलंत, दोन सेकंद कोरे, मग दुसरी बाजू. ऐकणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी राहिलं, आणि ते कळायलाच हवं.

सगळ्या फाईल्स आवाज न दाबता मोठ्या साईझच्या वेव्हमधेच (WAV) दिल्यात, एमपीथ्री मागितल्या नव्हत्या तरी गाडीत ऐकायला वेगळ्या करून दिल्यात, त्याचेही आभार. तुमच्यासाठी एका हार्ड डिस्कवर सगळ्याची कॉपी काढली आहे, ती तुमच्याकडे राहू दे, एकाच घरात असणं बरं नव्हे.

उरलेलं खोकं चवथ (गणेशचतुर्थी) झाली की घेऊन येतो. त्यात वाड्यावरच्या, घुमट ह्या मातीच्या वाद्यावर म्हणतात त्या आरत्यांची एक कॅसेट आहे, टेप मधेच तुटलीय, जोडता येईल का बघा. आणि ह्या वेळी "असू दे रे" म्हणून पैसे परत करू नका, तासन्तास त्या स्क्रूवर घालवता तुम्ही, त्याचे पूर्ण घ्यायचे.

तुमचा,
म्हार्दोळचा कॅसेटवाला