लहान गावातले कॉलेज निवडताना अंतर कुठून मोजावे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्या कर्जत स्टेशनाबाहेर फायलींची पिशवी काखेत धरलेले पालक आणि त्यांची मुले दिसू लागतात, आणि रिक्षावाल्याला त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘इथून मुंबई किती लांब?’ दहिवलीत माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी गेली चौदा वर्षे कॉलेजच्या मुलींना भाड्याने देते, त्यामुळे खोली पाहायला आलेल्या पालकांकडूनही मला हेच ऐकायला मिळते. सीएसएमटीपर्यंत रेल्वेने साधारण १०० किलोमीटर, लोकलने दोन तासांहून थोडे अधिक, असे उत्तर मी देते. परंतु ज्या मुलीला तीन-चार वर्षे शिकायचे आहे, तिच्यासाठी कॉलेजच्या फाटकापासून तिच्या अंथरुणापर्यंतचे अंतर आधी विचारायला हवे, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

मुंबईतला कट-ऑफ आणि तिथला राहण्याचा खर्च दोन्ही झेपत नाहीत, म्हणून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडची अनेक मुले नेरळ, भिवपुरी, कर्जत या पट्ट्यातली कॉलेजे रोज ये-जा करण्याच्या हिशेबाने निवडतात. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेने असते आणि उलट दिशेला बसायला जागा मिळते, हा त्यांचा हिशेब खोटा नाही. मात्र बदलापूरच्या पुढे लोकल कमी होतात आणि परतीची एखादी चुकली तर पुढचीसाठी तासभरही फलाटावर बसावे लागते. अंबरनाथची एक मुलगी पहिले वर्ष अशी ये-जा करून दुसऱ्या वर्षी माझ्याकडे राहायला आली. तिने मला पहिल्या वर्षाचे जर्नल दाखवले होते. कितीतरी प्रयोगांची शेवटची रीडिंग वेगळ्या शाईत होती, कारण गाडी गाठण्यासाठी ती प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडून निघत असे आणि राहिलेले आकडे मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत असे. दुपारनंतर ग्रंथालय कसे दिसते हे आपण वर्षभर पाहिलेच नव्हते, असे ती म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटले. हुशार मुलगी होती.

पावसाळ्याचा विचार तर प्रवेश घेताना कोणीच करत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. कर्जतला येण्याजाण्याचा लोकलचा मार्ग तोच आहे. उल्हास नदी फुगली आणि रुळांवर पाणी आले की ये-जा करणाऱ्या मुली वर्गातच अडकतात, आणि मग आमच्यासारख्या घरांत एका खोलीत सात-सात जणी दाटीवाटीने रात्र काढतात.

लहान गावातले कॉलेज घेऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घ्यावे, पण तिथे राहण्याच्या तयारीने घ्यावे. रायगड जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे मुंबई विद्यापीठाशीच संलग्न असल्यामुळे त्यांच्या पदवी प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव तेच येते. पायी कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे रोजचे तीन-चार तास वाचतात. शिवाय प्रत्येक गावाजवळ शिकण्यासारखे काहीतरी असतेच; कर्जतलाच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, जिथून ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती शेतकऱ्यांपर्यंत गेल्या. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून जवळची प्रयोगशाळा कुठे मिळणार? पंधरा-वीस दिवसांतून एकदा मोठ्या ग्रंथालयासाठी, प्रदर्शनासाठी, आणि नव्या अभ्यासक्रमातल्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी जागा शोधायला मुंबई गाठता आली, की शहर जवळ असल्याचा खरा उपयोग होतो. ज्याला शिकता शिकता रोज संध्याकाळी नोकरी करणे भाग आहे, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. अशा मुलाला लहान गावात काम मिळणे कठीण जाते आणि त्याने शहरातलेच कॉलेज पाहावे, असे मी स्पष्ट सांगते.

माझ्या बहिणीच्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या एका तालुक्यातल्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ‘पुण्यापासून अवघ्या पाऊण तासावर’ आणि ‘मुलींसाठी वसतिगृह उपलब्ध’ असे छापलेले होते. फी भरून ती तिथे गेली तेव्हा वसतिगृहाच्या इमारतीला खिडक्याही बसलेल्या नव्हत्या, गावात मुलींना खोली द्यायला कोणी तयार नव्हते, आणि महामार्गापासून कॉलेजपर्यंतची शेअर रिक्षा संध्याकाळी सातनंतर बंद होत असे. दोन महिने तिने नातेवाइकांच्या घरून हेलपाटे घातले आणि अखेर ते वर्ष सोडून दिले.

आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे, ही फार मोठी गोष्ट झाली. फीची चिंता मिटलेल्या अशा घरांपुढे आता खरा खर्च आणि खरी काळजी उरली आहे ती राहण्याची आणि जेवणाची, आणि नेमकी तीच माहिती माहितीपुस्तिकेत धडपणे सापडत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक कॉलेजला वसतिगृहात प्रत्यक्ष राहता येतील अशा मुलामुलींच्या जागा, स्टेशन किंवा एसटी स्थानकापासूनचे अंतर, शेवटच्या गाडीची वेळ आणि ग्रंथालय बंद होण्याची वेळ माहितीपुस्तिकेत छापणे प्रवेश प्रक्रियेनेच बंधनकारक करावे. तसेच आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी कट-ऑफची मोठी कोष्टके येतात. त्यांच्याच शेजारी एक रकाना या माहितीसाठी द्यावा, ही आपणास नम्र विनंती. पालकांनीही पसंतिक्रम भरण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, मुलीला रोज घ्यावी लागेल तीच गाडी धरून यावे आणि अंधार पडेपर्यंत गावात थांबावे. माझ्याकडे आले, तर चहा मी देईन आणि खोली रिकामी नसली तरी गावातल्या खोल्या दाखवीन.

आपली नम्र,
एक वाचक,
दहिवली, कर्जत (जि. रायगड)