सहीच्या आधी

नळदुर्ग

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या त्या सरकारी स्मारकाच्या कामावरून आपलं बोलणं चाललं होतं आणि तू मध्येच फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलायली. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर तरी चढणार नाही असं वाटतं.

तू म्हणालीस, "बाबा, सत्तेच्या पैशाशिवाय आजवर काय उभं राहिलंय ते एक सांगा." मला उत्तर सुचलं नाही, कारण हे तुला मीच शिकवलंय. पाचवीत असताना आपल्या किल्ल्यातल्या पाणी महालाच्या खिडकीत उभी करून सांगितलं होतं की हा इब्राहिम आदिलशहा स्वतः गाणी रचणारा राजा, आणि त्याच्याच राजवटीत, १६१३ साली, हे काम झालं. बोरी नदीवरचा बंधारा शोभेसाठी नव्हता. किल्ल्यात पाणी हवं होतं, पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडणारी वाट हवी होती. सगळी लढाईची गरज. तरी त्या भिंतीच्या पोटात कुणीतरी महाल घातला. नर-मादी दोन्ही धबधबे कोसळायला लागले की समोर पाण्याचा पडदा, आणि आत उभ्या माणसाला थेंब लागत नाही. तू भिंतीवर हात ठेवून विचारलंस, "एवढं पाणी ढकलतंय, मग ही पडत कशी नाही?" त्या दिवशी ही पोरगी इंजिनिअर होणार हे मला कळलं. आईला विचार, घरी येऊन तसं बोललो होतो.

आणि देवगिरी. सिंघण यादवाच्या दरबारात शारंगदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे आजोबा काश्मिरातून आलेले, तो स्वतः राजाच्या हिशेबाचं खातं सांभाळायचा. राज्य स्थिर होतं, कोठार भरलेलं होतं, म्हणून एका कारकुनाला सूर आणि श्रुती मांडायला सवड मिळाली. १२९६ मध्ये अलाउद्दीन चालून आला आणि ते सगळं हललं. पुढं १३१८ मध्ये त्याच किल्ल्यात मशीद बांधली, तिला खांब देवळांचे लावले. तू सातवीत होतीस. "मग हे खांब आता कुणाचे?" म्हणालीस. मी इतकी वर्षं ड्रॉइंग शिकवलं, वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नाही.

तेव्हा सरकारी स्मारकाचं काम करू नको असं माझं म्हणणं नाही. कर. माझी भीती तारखेची आहे. आचारसंहिता लागायच्या आधी अनावरण झालंच पाहिजे, हे तू आईला सांगितलंस. माती परीक्षणाचा पूर्ण अहवाल अजून आला नाही, हेही तिलाच सांगितलंस. आणि पायाच्या ड्रॉइंगवर सही तुझी. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, मोठ्या थाटात उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. अटक कुणाला झाली? शिल्पकाराला आणि सल्लागाराला. अनावरणाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसलेल्यांना नाही. तुझ्या साहेबांना हे माहीत नसेल असं थोडंच आहे? मग ते रजेवर याच आठवड्यात कसे गेले?

हे बघ, पुन्हा चढला आवाज. तू एम.टेक. झालीस, वाऱ्याचा भार, पायाची खोली मी तुला काय सांगावी. माफ कर बाळा. साहेब खरंच आजारी असतील.

सध्या अण्णांची, माझ्या वडिलांची, आठवण फार येते. १३ सप्टेंबर १९४८ च्या सकाळी हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून आली ती आधी आपल्याच गावात शिरली. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं बार्शी-सोलापूरकडं निघून गेलेली. १७ तारखेला निजाम शरण आला आणि गावात साखर वाटली, तेव्हा परात अण्णांच्या डोक्यावर होती. पण त्याआधी आपल्या वडिलांच्या मागं ते पलीकडच्या जहागिरदाराच्या गढीवर चौघड्यात नगारा वाजवायचे. जहागिरी गेल्या, जायलाच हव्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर चौघडाही बंद पडला. पुढं अण्णा लग्नसराईत ताशा वाजवायचे. कुणाला बोल लावल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण माळवदावर एकटे बसले की मांडीवर बोटं चालायची, सकाळच्या चौघड्याचीच. माझी भैरवीची ओळख त्या बोटांतून झाली म्हणलीस तरी चालेल, सनई मी ऐकलीच नव्हती.

माझंही सांगतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आणीबाणीत मी एका पेंटरच्या हाताखाली होतो. गावोगावच्या भिंतींवर इंदिराबाईंचा वीस कलमी कार्यक्रम रंगवायचो. अक्षर माझं चांगलं, म्हणून मोठ्या ओळी माझ्याकडं. १९७७ च्या निवडणुकीत त्या हरल्यावर त्याच पेंटरनं त्याच भिंतींना चुना मारायला मला नेलं. मजुरी दोन्ही वेळची मिळाली. भिंतीवर नाव नव्हतं माझं, म्हणून निभावलं. भिंतीवरचं अक्षर चुन्याखाली जातं. पायावरची सही जात नाही गं.

बीबीच्या मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपत राय अशी नावं कोरलेली आहेत. सहलीला गेलं की पोरांना मी आधी ती दाखवायचो. औरंगजेबाच्या काळातली इमारत, पण रचनाकाराचं आणि बांधणाऱ्याचं नाव दारावर आहे, हे बघून मला भरून यायचं. वाटायचं, आपल्या पोरीचंही नाव असं कुठंतरी लागावं. आता खरंच एका नकाशाच्या कोपऱ्यात लागतंय तर रात्री झोप येत नाही. दोन्ही खरं आहे. शेजारच्या काकांना तुझं काम सांगताना छाती फुगते आणि घरी आलो की पुन्हा तो अहवाल आठवतो.

सकाळी फिरायला एक बांधकाम खात्यातले निवृत्त साहेब सोबत असतात. तुझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, अहवाल हातात नसेल तर तोंडी काही बोलायचं नाही. लेखी पत्र द्यायचं, त्यात काय काय मिळालेलं नाही ते तारखेसकट लिहायचं, आणि पोच घ्यायची. पोच दिली नाही तर तेच मेलवर पाठवायचं. एवढं तर तू करू शकशील ना? नोकरीचं काय होईल याचा विचार करू नकोस. धाकट्याची फी मी बघतो, तो तुझा भार नाही.

आक्कांचा गुडघा बरा आहे, जिना चढायल्या आता. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी शुक्रवारच्या गाडीनं पाठवल्यात. ड्रायव्हरचा नंबर धाकट्यानं तुला दिलाय, स्वारगेटला वेळेवर जा. ऑफिसात दिलेल्या त्या लेखी पत्राची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठव, आईला पाठवू नकोस, तिला मी सांगेन.

तुझे,
बाबा