‘साखर नाही’ म्हणजे काय नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाकीटबंद पदार्थ घेताना साखरेचा आकडा तपासा, असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच वाचला. मी कित्येक वर्षे तेच करत आलो. मधुमेह असल्याने ‘साखर घातलेली नाही’ एवढे दिसले की पाकीट पिशवीत! अशीच एक पेयाची पावडर रोज घ्यायचो, आणि नंतर बोट टोचून पाहिले की रक्तातली साखर चढलेली. आधी संशय यंत्रावरच घेतला. शेवटी चष्मा लावून घटकांची यादी वाचली, तर दुसऱ्याच क्रमांकावर ‘माल्टोडेक्स्ट्रिन’. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे प्रमाण चिमूटभर नव्हतेच.

मका, बटाटा, तांदूळ यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. आम्लाने किंवा एन्झाइमने त्या अर्धवट तोडून वाळवल्या की माल्टोडेक्स्ट्रिन ही पांढरी, जेमतेम गोड पावडर तयार होते. पदार्थाला दाटपणा येतो, वजन भरते, स्वाद धरून राहतो. शिवाय ती स्वस्त. म्हणून सूप, सॉस, मसालेदार चिप्सपासून प्रोटीन पावडरपर्यंत सगळीकडे तिचा वावर.

गोम आहे ती लेबलात. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘साखर’ या ओळीत साखळीत एक किंवा दोनच कड्या असलेल्या शर्करा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनच्या साखळ्या बहुतांशी त्याहून लांब, त्यामुळे त्या ‘एकूण कर्बोदकां’त जातात. पोटात गेल्यावर मात्र त्यांचे झपाट्याने ग्लुकोज होते. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचे माप, साध्या साखरेचा साधारण 65, तर हिचा बहुधा ग्लुकोजच्या म्हणजे 100 च्या आसपास. कॅलरी साखरेइतक्याच, ग्रॅमला 4. गंमत म्हणजे साखरेऐवजी वापरायचे सुक्रालोज हे कृत्रिम गोड द्रव्य साखरेच्या सुमारे 600 पट गोड असल्याने कणभर पुरते, मग त्याची पुडी भरायला पुष्कळदा हीच पावडर वापरतात! एका पुडीने फारसे बिघडत नाही, पण दिवसभरात किती पुड्या होतात हे ज्याचे त्याने मोजावे.

तिला विष ठरवायचे कारण नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंना ती चटकन ऊर्जा देते, नळीतून द्यायच्या आहारातही वापरतात. मसाल्यात चिकटलेल्या कणांची चिंता मी करत नाही. आतड्यांच्या आवरणावर तिचा वाईट परिणाम होतो, असे उंदरांवरच्या व पेशींवरच्या काही प्रयोगांत दिसले आहे. पण तेवढ्यावरून माणसांबद्दल निकाल देणे घाईचे होईल. ‘रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन’ हे नाव सारखे असले तरी प्रकरण वेगळे. ते पचत नाही, आहारातले तंतू (फायबर) म्हणून गणले जाते.

तेव्हा पुढच्या लेखात वाचकांना साखरेच्या ओळीबरोबरच एकूण कर्बोदकांची ओळ आणि घटकांची यादीही वाचायला सांगावे. आणि जमल्यास पुरवणीतल्या तक्त्यांचा टाइप जरा मोठा ठेवावा, मधुमेहींचे डोळे तसेही दमलेले असतात.

– आपला एक नियमित वाचक